डॅशबोर्ड बनवताय? मग एवढं कराच

पहिली गोष्ट म्हणजे डॅशबोर्ड, म्हणजे कंपनीचे आकडे चार्टमधे दाखवणारी स्क्रीन, कोणाला हवाय, तो बघून कोण काय ठरवणार आहे, असले प्रश्न विचारत बसू नका. विचारलंत तर साहेब म्हणणार "सगळंच हवंय, एका क्लिकवर", आणि आपलंच हसं. त्यापेक्षा हो म्हणा, पॉवर बीआय हे चार्ट काढायचं सॉफ्टवेअर उघडा आणि जेवढे म्हणून चार्ट त्यात दिसतात तेवढे एकेक करून पानावर सोडा, जागा उरली की नकाशा टाका, नाही उरली तरी टाका. आमचा सगळा माल भोसरी, चाकण आणि रांजणगाव सोडून कुठे जात नाही, तरी मी अख्खा भारत लावलाय. पुण्यावर एक टपोरा ठिपका आणि बाकी देश कोरा. साहेब बघून म्हणाले, "वा, स्कोप दिसतोय."

मग गाडीत असतो तसला काट्याचा मीटर. पाव स्क्रीन खातो आणि आकडा सांगतो एकच, पण काटा हलला की मीटिंगमधे कोणी झोपत नाही. पाय चार्टचं तसंच. १८०१ मधे विल्यम प्लेफेअर नावाच्या माणसाने तो पहिल्यांदा छापला, त्याने बिचाऱ्याने मोजक्याच फोडी केल्या होत्या, आपण तेवीस कस्टमरच्या तेवीस फोडी करायच्या, आणि सगळ्यात मोठ्या फोडीचं नाव 'इतर' ठेवायचं.

अक्ष कुठून सुरू करायचा ही मात्र कला आहे, इथे जरा लक्ष द्या. वेळेवर डिलिव्हरी ९८.२ टक्क्यांवरून ९८.६ झाली, तर शून्यापासून काढलेल्या चार्टमधे दोन्ही बार जुळे भाऊ दिसतात, कोण कौतुक करणार? अक्ष ९८ पासून सुरू करा. बार थेट तिप्पट उंच. आणि स्क्रॅप, म्हणजे वाया गेलेला माल, दोनचं चार टक्के झालं असेल, म्हणजे खरोखर दुप्पट, तेव्हा मात्र प्रामाणिक व्हा आणि अक्ष शून्य ते शंभर ठेवा, रेघ अशी सपाट पडते की प्लांट हेडसुद्धा म्हणतात "कंट्रोलमधे आहे".

रंग लाल आणि हिरवाच वापरा. काही पुरुषांना हे दोन रंग वेगळे ओळखता येत नाहीत, त्यांना सगळं मातकट दिसतं, म्हणजे खरी परिस्थिती फक्त त्यांनाच कळते. पण लाल फार झालं तर? मग काम सुधारायला जाऊ नका, त्याला सहा महिने लागतात. टार्गेट खाली आणा, पाच मिनिटांत सगळं पान हिरवंगार.

डेटा साफ करण्याच्या तर भानगडीतच पडू नका. आमच्या कस्टमर मास्टरमधे, म्हणजे कस्टमरच्या मूळ यादीत, शहराच्या रकान्यात पुणे, पुना, 'पुणे सिटी' आणि शेवटी एक मोकळी स्पेस पडलेलं अजून एक पुणे, अशी चार पुणी आहेत. चार्टमधे चारांचे चार बार. मी घाबरतच दाखवला, तर सेल्सवाले खूश, म्हणाले चार सिटी कव्हर केल्या. (पिंपरी-चिंचवडवाले वेगळा बार मागतात, पण तो अस्मितेचा विषय आहे, त्याला पॉवर बीआयच्या डॅक्स नावाच्या भाषेत फॉर्म्युला नाही.) पिनकोडही तसाच राहू द्या. आकड्यांचा रकाना दिसला की पॉवर बीआय आपणहून बेरीज करतं, त्यामुळे भोसरीचे आणि चाकणचे पिनकोड मिळून एक भरघोस टोटल येते. आमच्याकडे ती दोन महिने कार्डावर मोठ्या अक्षरात होती. कोणी काही बोललं नाही, उलट मागच्या महिन्यापेक्षा वाढ झाली म्हणून ईमेल आलं.

आणि वेळ! सर्व्हर क्लाउडवर, त्याचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. म्हणजे रात्री दोनला गेटमधून सुटलेली गाडी सिस्टीममधे आदल्या दिवशी रात्री साडेआठला सुटते. उशीर झालाच नाही! वरचं ते ९८.६ कुठून आलं असं वाटत होतं ना, तर असं आलं. मला कळलं तेव्हा सांगणार होतो खरं, पण तोवर त्या आकड्यावर एकाचं प्रमोशन झालं होतं.

मधे कुठेतरी एक एक्सेल असू द्यावंच, कोणाच्या तरी डेस्कटॉपवर, 'फायनल_नवीन_२' नावाचं. यात लाज वाटायचं कारण नाही. २०२० मधे इंग्लंडच्या सरकारी आरोग्य यंत्रणेने कोरोनाच्या नोंदी जुन्या पद्धतीच्या एक्सेल फाईलमधे ओतल्या, त्या फाईलमधे ६५,५३६ च्या पुढे ओळीच मावत नाहीत, आणि जवळजवळ सोळा हजार पेशंट मोजणीतून गळाले. आपल्या तर नुसत्या नटबोल्टच्या नोंदी.

'विक्री' म्हणजे काय ते कुठेही लिहू नका. सेल्सवाले ऑर्डर आली की विक्री धरतात, अकाउंटवाले बिल फाडल्यावर, त्यात जीएसटी धरायचा की नाही हा तिसरा पंथ. तीन आकडे, तीन डिपार्टमेंट, मीटिंगचा दीड तास आरामात निघतो आणि तुमच्याकडे कोणी बघत नाही. नाहीतर आपल्याकडची पाटी घ्या, 'गेटसमोर गाडी लावल्यास हवा सोडली जाईल'. कोणासाठी, कधी, पुढे काय होणार, सगळं एका ओळीत, फिल्टर नाही की ड्रिलडाउन नाही, आणि वाचून माणूस खरंच गाडी काढतो. असलं काही डॅशबोर्डवर आलं तर आपल्याला कामं लागतील.

डॅशबोर्ड हा शब्दच मुळात घोडागाडीतला आहे. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडी हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे लावलेली फळी. साहेब काही चुकीचं मागत नाहीत, फळीच मागतायत. कॉन्फरन्स रूमच्या काचेतून शॉप फ्लोअर दिसतो, पण प्रोजेक्टर नीट दिसावा म्हणून काचेवरचा पडदा आधी ओढून घेतात.

हां, कोपऱ्यात 'लाईव्ह' लिहून एक हिरवा ठिपका लुकलुकता ठेवा. आमचं लायसन प्रो, त्यात दिवसाला आठच रिफ्रेश मिळतात, म्हणजे आकडे आठच वेळा ताजे होतात, त्यातला सकाळचा रिफ्रेश पासवर्ड एक्स्पायर झाल्यामुळे पडतो, पण ठिपका पडत नाही.

परवाच्या रिव्ह्यूचं सांगतो. सतरा व्हिज्युअल, चार पानं, मी पंचवीस मिनिटं बोललो. संपल्यावर नेहमीचा प्रश्न आला, "हे एक्सेलमधे मिळेल का?" मिळेल म्हटलं. मग साहेब चष्मा काढून डोळे चोळत मागे वळले आणि दाराशी उभ्या असलेल्या डिस्पॅचच्या काकांना विचारलं, "काका, आज किती गाड्या गेल्या?" काकांनी शर्टाच्या खिशातून रबर लावलेली छोटी वही काढली, थुंकी लावून पान उलटलं. "साडेअकरापर्यंत सात. आठवी उभी आहे, ड्रायव्हर चहाला गेलाय."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. मग माझ्याकडे बघून म्हणाले, काकांचं हे सगळं डिजिटल करून टाक.

केलं. काकांना टॅब दिला, त्यात फॉर्म, फॉर्ममधे बावीस रकाने, सगळे कम्पल्सरी. टॅब स्टोअरमधे चार्जिंगला असतो. कव्हर मात्र काकांना आवडलं, चांगलं जाड आहे, पावसात भिजत नाही, त्यात ते वही ठेवतात.