शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) २५ टक्के जागा: तो मेसेज महाराष्ट्राचा आहे, बेळगावचा नाही

‘कोर्टाचा निकाल लागला, आता सगळ्या खासगी शाळांत २५ टक्के प्रवेश मोफत, लगेच ऑनलाइन अर्ज करा’ हा मेसेज बेळगाव, खानापूर, निपाणीच्या ग्रुपवर फिरतो आहे. निकाल खरा आहे, पण तो मुंबई उच्च न्यायालयाचा, १९ जुलै २०२४ चा. जवळ सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेला गरीब, वंचित मुलांसाठीच्या या २५ टक्के जागांतून सूट देणारा नियमबदल महाराष्ट्र सरकारने त्याच वर्षी फेब्रुवारीत केला होता, तो त्याने रद्द केला. कर्नाटकाला तो लागू नाही.

आपल्याकडे २०१९ पासून नियम वेगळा आहे. परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर विनाअनुदानित खासगी शाळेवर २५ टक्क्यांचं बंधन नाही. त्याला आव्हान दिलं गेलं, पण कर्नाटक उच्च न्यायालयाने नियम कायम ठेवला. अशी शाळा जवळपास सगळीकडे असल्याने जागा फारच थोड्या उरतात. त्या भरवशावर सरकारी मराठी शाळेतला प्रवेश लांबवू नका.

कोल्हापूरच्या नातेवाइकांचा पत्ता देऊन तिकडे अर्ज करू नका. पडताळणीत पत्ता खोटा ठरला की प्रवेश रद्द होतो.

कायद्याची बाकीची कलमं मात्र इथेही चालतात. पहिली ते आठवीसाठी आधीच्या शाळेचा दाखला उशिरा मिळाला किंवा वयाचा पुरावा नसला, तरी प्रवेश नाकारता येत नाही. मुलाची किंवा पालकांची मुलाखत, देणगी दोन्हींना बंदी आहे. अडवणूक झाली तर गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. तिथे दाद लागली नाही, तर शिक्षण उपसंचालकांकडे जा: निपाणी-चिकोडीकरांना चिकोडीत, खानापूरकरांना बेळगावात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका, ग्रुपवर असेल तर त्याखाली हा खुलासा टाका.