बर्टनचे ब्रुअरी संग्रहालय बंद झाल्याने खरेच काही बिघडले नाही?

इंग्लंडमधील बर्टन-अपॉन-ट्रेंट येथील राष्ट्रीय ब्रुअरी केंद्र हे बिअरनिर्मितीचे संग्रहालय ऑक्टोबर २०२२ च्या अखेरीस बंद झाले आणि जागेची मालक असलेल्या मॉल्सन कूर्स या बिअर कंपनीने आपले मुख्य कार्यालय तेथे हलवण्याचे ठरवले. अशा बंद पडणाऱ्या संग्रहालयांबद्दल एक युक्तिवाद सर्रास केला जातो: लोक येतच नव्हते, वस्तू तर जपलेल्या आहेत, बिअर अजूनही बनतेच आहे, आणि मुळात दारूच्या जाहिरातीला वारसा म्हणण्याचे कारण नाही. हे चारही मुद्दे तपासून पाहण्यासारखे आहेत.

पहिला मुद्दा अर्धा खरा आहे. बर्टनच्याच बास या बिअर कंपनीने आपल्या द्विशताब्दीनिमित्त १९७७ मध्ये उघडलेले हे संग्रहालय २००८ मध्ये बंद झाले, तेव्हा खर्चाचे कारण पुढे आले होते. परंतु ‘लोकांना नको होते’ असे म्हणणाऱ्यांनी पुढचा भागही सांगावा: गावकऱ्यांनी त्याविरुद्ध मोहीम उभारली आणि २०१० मध्ये ते नव्या नावाने पुन्हा उघडले. २०२२ मध्ये तर कंपनीला ती जागाच स्वतःच्या कार्यालयासाठी हवी होती. संग्रहालय कंपनीच्या आवारात असले की त्याचे आयुष्य प्रेक्षकांइतकेच कंपनीच्या सोयीवरही अवलंबून राहते.

वस्तू जपलेल्या आहेत, हे मान्य. संग्रह आणि दप्तर एका विश्वस्त संस्थेकडे आहे. मात्र मद्यनिर्मितीचा वारसा केवळ वस्तूंचा नसून चालत्या प्रक्रियेचा असतो, आणि ती गोदामात ठेवता येत नाही. ‘बर्टन युनियन’ ही १८३८ मध्ये पीटर वॉकर यांनी पेटंट घेतलेली पद्धत पाहा. ओक लाकडाची पिंपे ओळीने बसवलेली असतात. आंबताना उसळणारा फेस व यीस्ट प्रत्येक पिंपाच्या माथ्यावरील वाकड्या नळीतून वरच्या उघड्या पन्हाळीत जाऊन पडते. यीस्ट तेथे साचते आणि बिअर उताराने परत पिंपात येते. ही पद्धत अखेरपर्यंत वापरणाऱ्या मार्स्टन्सने २०२४ मध्ये ती थांबवली. तिचा एक संच डर्बीशरमधील थॉर्नब्रिज ब्रुअरीने नेला व पुन्हा वापरात आणला, म्हणून तो आज जिवंत आहे. तीच पिंपे कोरडी पडू दिली असती तर लाकूड आकसून फटी पडल्या असत्या, आणि ती धुण्याची, दुरुस्त करण्याची हातोटी असलेली माणसेही हळूहळू उरली नसती.

बिअर अजून बनते, हे तर उघडच आहे. पण ती बर्टनलाच का नावारूपाला आली, याचे उत्तर बाटलीवर सापडत नाही. तेथील विहिरींच्या पाण्यात जिप्सम या खनिज क्षाराचे प्रमाण मोठे आहे, आणि त्या पाण्यात हॉपचा (बिअरला कडू चव देणाऱ्या फुलांचा) कडवटपणा स्वच्छ उतरतो. लंडनच्या हॉजसन ब्रुअरीचा हिंदुस्थानच्या बिअर व्यापारावर वरचष्मा असताना बर्टनच्या ऑलसॉप व बास या कंपन्यांनी १८२० च्या दशकात फिकट एल (एक प्रकारची बिअर) पाठवून तिला मागे टाकले, ते या पाण्याच्या बळावर. आजही इतरत्र बिअर बनवणारे पाण्यात क्षार मिसळून बर्टनची नक्कल करतात.

जाहिरातीचा आक्षेप सर्वांत गंभीर आहे आणि डब्लिनचे गिनेस स्टोअरहाउस किंवा अ‍ॅमस्टरडॅमचे हाइनेकेन एक्स्पिरियन्स पाहता तो बऱ्याच अंशी लागूही पडतो. बर्टनचे मात्र तसे नाही, कारण तेथील ब्रुअरींमध्ये विज्ञानही घडले. डायाझो संयुगांचे (ज्यांपासून कृत्रिम रंग बनतात) संशोधक पीटर ग्रीस ऑलसॉपकडे नोकरीला होते. बासचे रसायनतज्ज्ञ कॉर्नेलियस ओ’सुलिव्हन यांनी १८९० मध्ये साखरेचे विघटन करणाऱ्या इन्व्हर्टेज या विकरावरील (एन्झाइमवरील) महत्त्वाचे काम सहकाऱ्यासह प्रसिद्ध केले; बर्टनच्या सॉल्ट ब्रुअरीत अनेक वर्षे काम केलेल्या एड्रियन ब्राउन यांनी १९०२ मध्ये ते पुढे नेले. १९१३ मध्ये मायकेलिस आणि मेंटेन यांनी याच विकरावर विकरांच्या क्रियेच्या वेगाचे आपले समीकरण उभे केले, जे पुण्यामुंबईत जीवरसायनशास्त्र शिकणारा विद्यार्थी आजही सोडवतो. दारूचा तिटकारा असलेल्यालाही (आणि तो असण्यात काही गैर नाही) हा इतिहास नाकारता येणार नाही. शिवाय ग्रीस एका कंपनीत, ओ’सुलिव्हन दुसरीत आणि ब्राउन तिसरीत होते, त्यामुळे कोणत्याही एका ब्रँडच्या दालनात तो पुरा सांगितला जाण्याची शक्यताही नाही.