खिशातला राजीनामा

राजीनाम्याचा कागद माझ्या शर्टाच्या खिशात सतरा दिवस होता. त्यात एकदा तो शर्टासकट धुण्यात गेला, म्हणून दुसरी प्रत काढावी लागली. ती मालकांच्याच प्रिंटरवर, एका जुन्या वजनकाट्याच्या पावतीच्या पाठीमागे निघाली, कारण आमच्या दाल मिलमध्ये एका बाजूनं कोरा कागद वाया घालवायची पद्धत नाही. म्हणजे पुढून मी 'वैयक्तिक कारणास्तव' नोकरी सोडत होतो आणि मागून शंभर कट्टे तूर उतरत होती.

लातूरच्या त्या मिलमध्ये मी नऊ वर्षं हिशेब लिहिले. 'अकाउंटंट' फक्त बँकेतल्या फॉर्मवर. मिलमध्ये मी 'टॅलीवाले', टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवरून. पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं आणि बायको म्हणाली, "गोड बोलून निघा. सासर-माहेर दोन्ही ह्याच गावात आहे." राजीनामा कसा द्यावा यावर मोबाईलवर ढीगभर सल्ले सापडले. आधी तोंडी सांगा, मग लेखी द्या, तक्रार करू नका, आभार माना. पटलं. पण कधी सांगायचं, ते कुणी लिहीना.

हिशेबनीसाच्या महिन्यात राजीनाम्याला तारीखच नसते. ७ ला टीडीएस भरायचा, ११ ला जीएसटीआर-वन म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, १५ ला पीएफ, २० ला थ्री-बी म्हणजे जीएसटीचं महिन्याचं रिटर्न. मधल्या दिवसांत मालक या तारखांवरून तापलेले असतात. २१ तारखेला तोंड उघडावं म्हटलं तर पगारपत्रक समोर. वर्षाचंही तेच. मार्चएंड, मग रिटर्न, मग ऑडिट, मग दिवाळीचा बोनस; बोनस घेऊन राजीनामा देणारा माणूस आणि जेवून ताटावरून भांडणारा व्याही, आमच्याकडे दोघांची गणना एकत्र होते. राहता राहिला डिसेंबर. आणि डिसेंबरात येळवस.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. लातूर-धाराशिवकडच्या माणसाला हे सांगावं लागत नाही, बाकीच्यांनी एवढंच समजावं की त्या दिवशी लातूर शहरात संचारबंदी लागल्यासारखं होतं. अख्खं गाव शेतात. ज्याला शेत नाही, त्याला कुणीतरी ओढून नेतं. मला नऊ वर्षं मालकांनी ओढून नेलं होतं. दहाव्यांदा गेलो तो खिशात कागद घेऊन. विचार असा, की मोकळं रान आहे, माणूस पोटभर जेवलाय, वातावरण प्रसन्न आहे, सांगून टाकू.

कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, उभी होती. आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव. पूजा झाली, शेतात आंबील शिंपडून झाली, आणि मालकांनी माझ्या खांद्यावर हात टाकून पाहुण्यांना सांगितलं, "हे आमचे टॅलीवाले. पाच पांडव आत हायेत, सहावा ह्यो."

पांडवांचा सहावा भाऊ कोण, हे मला माहीत होतं. तोही दुसऱ्या पार्टीकडं गेला होता.

मग मालकांच्या आईनं वाढायला घेतलं. भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, धपाटे. भज्जीत किती प्रकारचे दाणे आणि पाला असतो ते मला आजवर मोजता आलेलं नाही, आणि मोजणं हा तर माझा धंदा. त्यावर बिंदगीतली, म्हणजे मातीच्या मडक्यातली, गार आंबील. एक वाटी झाली. दुसरीला मी हात आडवा धरला, तर आई म्हणाल्या, "बाबा, तुमी काय परके हाव का?" आणि हातावरूनच ओतली. थोडी वाटीत गेली, थोडी खिशात. आंबील पोटात गेल्यावर माणूस राजीनामा देत नाही, झोपतो. मीही आंब्याखाली झोपलो.

चार दिवसांनी, २० तारीख टळल्यावर, दाराची कडी लावून कागद टेबलावर ठेवला. मालकांनी आधी मागची बाजू वाचली. "ही गाडी तर मागंच खाली झाली की." मी कागद उलटा केला. त्यांनी चष्मा लावला. पंख्याचा आवाज. बाहेर काट्यावर ट्रक चढल्याचा आवाज. मी पाठ केलेलं आभाराचं वाक्य सुरू करणार, तेवढ्यात त्यांनी कागदावर बोट ठेवलं.

"ह्यो डाग कशाचा?"

"आंबीलीचा."

"म्हंजे त्या दिवशी खिशात व्हतं?"

मी गप्प.

"आन् तरी दोन वाट्या पिलाव?"

पगार किती देतेत, कंपनी कुणाची, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पुढचे तीन दिवस त्यांच्या लेखी सगळा मुद्दा त्या दुसऱ्या वाटीचा होता. चौथ्या दिवशी २०१६ साल निघालं. "मिरजेहून रेल्वेनं पाणी यायलं व्हतं गावाला, तवा तुमच्या गल्लीत टँकर कुणी धाडला व्हता?" मालकांनी धाडला होता. याला कुठल्याच सल्ल्यात उत्तर नव्हतं.

गंजगोलाईला सोळा रस्ते मिळतात. माझी बातमी सोळाही रस्त्यांनी निघाली असावी, कारण संध्याकाळी आडतीवरचे एक जण मला घरी येऊन समजावून गेले, की पुण्यात पाण्याला चव नसते. हमालांचा मुकादम म्हणाला, "पगाराचं काय असंल तर आमी बोलू का मालकाला?" जुने मुनीम मामा तेवढे व्यवहाराचं बोलले: "पीएफ काढून खाऊ नको, तिकडं वळती करून घे. चेकवर सही झाल्याबिगर चावी ठेवू नको." मामांनी नोकरी कधीच सोडली नव्हती, पण त्यांच्यासमोर सोडून गेलेले बरेच होते.

त्या सगळ्यांचा शेवटचा हिशेब मीच केला होता. आता स्वतःचा करायचा, म्हणजे न्हाव्यानं स्वतःची दाढी ट्रकच्या आरशात करण्यातला प्रकार. ग्रॅच्युइटीचा कागद पुढं ठेवला. मालक म्हणाले, "हे पंधरा भागिले सव्वीस काय भानगड हाय?" मी सांगितलं, महिन्याचे कामाचे दिवस २६ धरायचे, आणि नोकरीच्या दर वर्षामागं १५ दिवसांचा पगार. मूळ पगार १८,२०० म्हणजे दिवसाला ७००, वर्षाचे १०,५००, नऊ वर्षांचे ९४,५००. मालकांनी पोती तोलायच्या सवयीनं विचारलं, "बारदाना धरून का बिगर बारदाना?" मग ९५,००० चा चेक फाडला. मी म्हटलं, कायद्यात राउंड करायची सोय नाही. "आमच्यात हाय," ते म्हणाले. वरचे ५०० कुठल्या खात्यात घालावेत यावर मी अर्धा तास घालवला, आणि शेवटी मालकांची माया 'किरकोळ खर्च' या नावे टाकली.

पीएफच्या पोर्टलवर सोडल्याची तारीखही मलाच टाकायची होती. कारणांची यादी उघडली: निवृत्ती, कायमचं अपंगत्व, मृत्यू, सेवासमाप्ती. मालक मागं उभं राहून वाचत होते. 'पुण्याला गेला' असं काही त्यात नव्हतं. "मृत्यूवर नका दाबू," एवढंच म्हणाले.

अनुभवाचा दाखलाही मीच टाईप केला. प्रामाणिक, मेहनती, पुढील वाटचालीस शुभेच्छा. मालकांनी सही केली आणि सहीच्या वर पेनानं एक ओळ घातली: 'फक्त ह्यांना एका वेळी एकच वाटी आंबील द्यावी.' तो दाखला पुण्याच्या एचआरच्या फाईलमध्ये आजही आहे.

निरोपाला चुरमुऱ्यांचा सुशीला, भजी, शाल, नारळ. माझ्या जागी मालकांच्या साडूचा मुलगा बसला. त्याला मी टॅलीचा पासवर्ड दिला, तो त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. रात्रीच्या ट्रॅव्हल्सवर सोडायला मालक स्वतः आले आणि ड्रायव्हरला म्हणाले, "मुरूडच्या पुढं खड्डे हायेत, हळू."

दीड महिन्यानं एचआरच्या बाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. चौकशीसाठी त्यांनी माझ्या जुन्या मालकांना फोन केला होता. या माणसाला पुन्हा कामावर घ्याल का, असा त्यांचा ठरलेला प्रश्न. "तुमचे सर म्हणाले," बाई कागदावर बघून वाचू लागल्या, "पुन्हा म्हंजे? सोडलंय कवा त्यानं?" तुम्ही दोन ठिकाणी नोकरी करता का, याचा खुलासा मला लेखी द्यावा लागला. दिला. एका बाजूनं कोऱ्या कागदावर.

परवा पहाटे साडेपाचला ट्रॅव्हल्सवाल्याचा फोन आला, लातूरहून कट्टा आलाय, उतरवून घ्या. वीस किलो तूरडाळ, नवी, वास सुटलेली. डब्यात ओतताना बायकोच्या हाताला काहीतरी लागलं. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली, दोऱ्यानं बांधलेली महिन्याभराची खरेदीची बिलं. वर साडूच्या मुलाच्या अक्षरात चिठ्ठी: 'काका, मुनीम मामा म्हणाले तुम्हाला विचार. २० ला थ्री-बी आहे.'

तारीख १८ होती.