शिस्तीचं कौतुक पुरे, तिजोरी कुणाची ते बोला

पावसाळ्यात हिंजवडी तुंबली की पुण्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. ‘जर्मनीत बघा, लोकांना कशी शिस्त आहे’ आणि ‘आयटी आली की गाव संपलंच’. पहिल्या वाक्याने इथे जर्मनीत राहणाऱ्या आमच्यासारख्यांची जास्त चिडचिड होते. वाल्डॉर्फजवळ ए-५ आणि ए-६ हे महामार्ग एकमेकांना छेदतात तिथे संध्याकाळी कोंडी होतेच; फक्त ती शिस्तीत होते.

वाल्डॉर्फ म्हणजे बाडेनमधलं साधारण १५ हजार वस्तीचं गाव. योहान याकोब आस्टर हा खाटकाचा मुलगा १७६३ साली इथे जन्मला आणि अमेरिकेत जाऊन गडगंज झाला. न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलच्या नावात गावही आहे आणि तोही. आयबीएममधून बाहेर पडलेल्या पाच जणांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या सॅप या सॉफ्टवेअर कंपनीचं मुख्यालय आज इथे आहे.

अशा गावाला एवढी मोठी कंपनी झेपते कशी? उत्तर गेवेर्बेश्टॉयरमध्ये, म्हणजे गावाला मिळणाऱ्या व्यवसाय-करात आहे. कंपनीच्या नफ्याचे साडेतीन टक्के काढायचे आणि त्याला गावाच्या दराने गुणायचं. हा दर गावची नगरपरिषद ठरवते. वाल्डॉर्फने तो अनेक वर्षं २६५ टक्के ठेवला, म्युनिकचा ४९०. म्हणजे १०० युरो नफ्यावर इथे सव्वानऊ युरो, तिथे सतरा युरोंच्या वर. कंपनीच्या शाखा अनेक गावांत असतील तर कर पगाराच्या प्रमाणात वाटला जातो, त्यामुळे नोकऱ्या जिथे, पैसा तिथे. आणि कुठल्या जागेवर किती मजले, किती पार्किंग, हा आराखडाही तीच परिषद मंजूर करते. आता हिंजवडी घ्या. आयटी पार्क उभं राहिलं ग्रामपंचायतीच्या हद्दीत, जमीन एमआयडीसीची, नियोजनात पीएमआरडीए (पुण्याचं महानगर विकास प्राधिकरण), पोलीस पिंपरी-चिंचवडचे. कंपनीच्या नफ्यावरचा कर जातो दिल्लीला. मग नाल्याची जबाबदारी कुणाची, यावर बैठका होतात. यात रक्तातली शिस्त कुठे आली?

राहिलं दुसरं वाक्य, ‘गाव संपलंच’. गावाभोवतीच्या वाळूमिश्रित जमिनीत आजही श्पार्गेल पिकतो. आपल्या शतावरीचा हा पांढरा, जाडजूड चुलतभाऊ. लावल्यावर भरघोस तोडणीला तिसरं वर्ष उजाडतं. मातीच्या उंच वरंब्याखाली कोंब वाढू द्यायचा आणि टोक वर डोकावायच्या आत लांब सुरीने हाताने कापायचा. ऊन लागलं की टोक जांभळं पडतं, मग हिरवं होतं आणि भाव उतरतो. वरंब्यावरच्या प्लास्टिकची काळी बाजू वर केली की माती तापून पीक लवकर येतं, पांढरी वर केली की थांबतं. २४ जूनला तोडणी बंद, कितीही मागणी असो, नाहीतर मुळं पुढच्या वर्षासाठी साठा करू शकत नाहीत. कापणारे हात मात्र बहुतेक रुमानिया-पोलंडचे. हे सांगायला आम्ही परदेशस्थ सोयीस्कर विसरतो.

आणखीही एक विसरतो. एकाच मोठ्या करदात्यावर गाव चालवणं म्हणजे एकाच विहिरीवर बाग लावणं. कर अंदाजाने, वर्षातून चार हप्त्यांत जमा होतो. नफा घटला की गावाला घेतलेला पैसा परत करावा लागतो. वर जिल्ह्याला आणि राज्याला द्यायचा वाटा दोन वर्षांपूर्वीच्या श्रीमंतीवर मोजतात. म्हणजे उत्पन्न आटलेलं आणि देणं जुन्या भरभराटीचं. हिंजवडीच्या ग्रामपंचायतीला निदान ही भीती नाही, हा तिचा एकमेव फायदा.

ज्या परिषदेचं इतकं गुणगान केलं, तिच्या निवडणुकीत इथे राहणाऱ्या इटालियन किंवा पोलिश माणसाला मत आहे, भारतीय पासपोर्टवाल्याला नाही. जर्मन पासपोर्ट घ्यावा तर भारतीय सोडावा लागतो. मग मिळणाऱ्या ओसीआय (परदेशस्थ भारतीयांच्या) कार्डावर हिंजवडीशेजारच्या माण गावाच्या ग्रामपंचायतीलाही मत देता येत नाही. जर्मन पासपोर्ट न घ्यावा, तर मतदानासाठी विमानाने पुण्याला जायचं. बहुतेक जण जात नाहीत. हिंजवडीवर लिहितात.