लेकराला औषध पाजण्याची शास्त्रोक्त पद्धत

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं : ‘5 एमएल, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस.’ वाचून काम सोपं वाटतं, कारण तुम्ही अजून दवाखान्याच्या पायऱ्याच उतरताय.

लागणारं साहित्य असं : अडीच वर्षांचं, साधारण 12 किलोचं एक मूल. मोकळ्या हातांची माणसं तीन, शिवाय बाजूला उभं राहून ‘अगं, असं नाही धरायचं’ म्हणायला एक ज्येष्ठ. टॉवेल दोन. सोफ्यावर अंथरायला जुनी चादर, कारण औषध गुलाबी किंवा नारिंगी केल्याशिवाय कंपन्यांना चैन पडत नाही आणि तो रंग पोटापेक्षा कापडावर जास्त टिकतो. चार्ज केलेला मोबाइल. औषधही लागतं, पण ते शेवटी.

बाटली हातात आली की पहिलं पथ्य : लेबल वाचायचं नाही. ताप आला की पॅरासिटामॉल, आणि पॅरासिटामॉल म्हणजे एक चमचा, हे घरात सगळ्यांना पाठ असतं. आता हेच औषध दुकानात निरनिराळ्या ताकदीचं मिळतं. एका बाटलीत 5 एमएलला 120 मिलिग्रॅम, दुसरीत 5 एमएलला 250, आणि तान्ह्यांच्या ड्रॉप्समध्ये एका एमएललाच 100. डॉक्टर एका वेळेला किलोमागे 10 ते 15 मिलिग्रॅम धरतात. म्हणजे 12 किलोच्या पोराला जास्तीत जास्त 180 : पहिल्या बाटलीतून साडेसात एमएल, दुसरीतून साडेतीनच्या आसपास, ड्रॉप्समधून दोनलाही कमी. पण तापलेलं पोर खांद्यावर घेऊन एवढी त्रैराशिकं कोण मांडत बसणार? त्यापेक्षा ‘बाटली चिमुकली, म्हणजे औषध सौम्यच’ असं समजून ड्रॉप्सचा चमचाभर डोस द्यावा. त्या चमच्यात 500 मिलिग्रॅम असतात, म्हणजे बाबांचं डोकं दुखल्यावर ते घेतात ती अख्खी गोळी. तान्ह्याच्या तोंडात थेंबच मावतात म्हणून त्या बाटलीत औषध सर्वांत दाट केलेलं असतं, ही बारीकशी गोष्ट मुलाच्या यकृताला मात्र चांगलीच कळते.

डोस कधी दिला हे लिहून ठेवू नये. दोन डोसांत किमान चार तास, शक्यतो सहा, आणि दिवसात चारच्या वर नाही, असं डॉक्टर सांगतात खरे. पण घर भरलेलं असेल तर ही मर्यादा कुणाच्या लक्षात येण्याआधीच ओलांडता येते. चार वाजता आईने दिलं, पाच वाजता ‘पोरगं अजून गरम लागतंय’ म्हणून आजीने दिलं, सात वाजता बाबा आले आणि त्यांनी जबाबदारी ओळखून सर्दीचं सिरप दिलं. सर्दीच्या कित्येक सिरपांमध्ये पॅरासिटामॉल आधीच घातलेलं असतं, पण ते मागच्या बाजूला, बारीक अक्षरांत, आणि बाबांचा चष्मा गाडीत. सर्दीच्याच सिरपांत असणारं क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन हे जोडऔषध चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, अशी सूचना वेष्टनावर छापायला औषध नियंत्रकांनी 2023 च्या डिसेंबरात सांगितलं. वेष्टन तर दुकानातून बाहेर पडतानाच टाकलेलं असतं.

आता चमचा. बाटलीबरोबर मापाचं टोपण येतं, 2.5, 5, 7.5 अशा रेघांचं. ते पहिल्याच दिवशी भातुकलीत जमा करावं; तिथे त्यातून बाहुलीला चहा मिळतो. मग घरातला चमचा घ्यावा. चहाचा, पोह्यांचा, लोणच्याच्या बरणीतला, आणि ‘जुना आहे, बरोब्बर मापाचा आहे’ अशी ख्याती असलेला एक स्टीलचा. सगळ्यांत वेगवेगळं मावतं आणि सगळ्यांना ‘एक चमचा’च म्हणतात. केमिस्टकडे काही रुपयांत सुईशिवायची 5 एमएलची सिरिंज मिळते, तिच्यावर बारीक खुणा असतात, आणि औषध सांडत नाही. पण सिरिंज पाहून मूल घाबरेल, अशी भीती सगळ्यांना वाटते. मुलाला वाटत नाही. ते आधी तिने कुंडीला पाणी घालतं, मग मांजरावर फवारा मारतं.

इथे आजीविषयी एक गोष्ट सांगायलाच हवी. हीच आजी बाळगुटी उगाळते तेव्हा तिच्यासारखी काटेकोर बाई औषधांच्या कारखान्यातही सापडायची नाही. सहाणेवर हळकुंडाचे इतके वेढे, मुरडशेंगेचे इतके, वेखंड जपून, जायफळ मात्र एकच वेढा, नाहीतर पोर दिवसभर झोपून राहील. वय वाढलं की वेढे वाढणार, पोट बिघडलं की मुरडशेंग जास्त. (सहा महिन्यांपर्यंत आईच्या दुधाखेरीज काहीच नको, असं डॉक्टर सांगून थकले, तो वेगळा वाद.) आणि हीच आजी सिरप हातात आलं की म्हणते, ‘ओत जरासं.’

अँटिबायोटिकची बाटली असेल तर आणखी मजा. तिच्यात कोरडी पूड असते. खरी रीत अशी, की बाटली आधी आपटून पूड मोकळी करायची, उकळून गार केलेलं पाणी किंवा सोबत दिलेलं पाणी खुणेच्या निम्म्यापर्यंत घालायचं, खळखळून हलवायचं, मग खुणेपर्यंत भरायचं. पूड विरघळली की पातळी खाली उतरते, म्हणून पुन्हा खुणेपर्यंत. हे शेवटचं ‘पुन्हा’ गाळावं. उकळतं पाणी थेट ओतल्यास औषधाचा गुण जातो आणि तळाशी गोळाही बसतो; तो टूथपिकने फोडायला मामा उपयोगी पडतात. देताना दर वेळी बाटली हलवावी लागते. न हलवल्यास पहिले चार दिवस गोड पाणी आणि पाचव्या दिवशी आठवड्याचं औषध एकदम, असा साधारण कार्यक्रम होतो.

बाटली 30 एमएलची आणि डोस रोज 10 एमएल, म्हणजे तिसऱ्या दिवशी रात्री बाटली संपते. कोर्स पाच दिवसांचा. इथे दोन मार्ग. एक म्हणजे ‘आता पळतंय की घरभर’ असं म्हणून थांबणं. हा लोकप्रिय आहे. दुसरा, नवी बाटली आणून कोर्स पुरा करणं, आणि मग तिच्यात उरलेले 10 एमएल फ्रिजच्या दारात, लिंबाच्या वाटीशेजारी, पुढच्या आजारपणासाठी राखून ठेवणं. पाणी घातल्यावर यातली बरीच औषधं फ्रिजमध्येही आठवडाभरच टिकतात. पण 10 एमएल ओतून देणं आपल्या संस्कारांत बसत नाही. ते जाऊबाईंच्या मुलाला नाक वाहू लागेपर्यंत जपून ठेवायचं. नाक वाहणं बहुतेक वेळा विषाणूंमुळे असतं आणि त्यांच्यावर अँटिबायोटिक चालत नाही. फॅमिली ग्रुपवर मात्र चालतं. तिथे बाटलीचा फोटो पडला की पाठोपाठ तीन अंगठे येतात.

साहित्य जमलं, आता प्रत्यक्ष पाजणं.

सगळ्यांनी एकदम खोलीत यावं. एकाने हात मागे लपवावेत आणि हसत राहावं. मोठी माणसं विनाकारण हसत एका ओळीत उभी राहिली की काय होणार, हे मुलाला पहिल्या आजारपणातच कळलेलं असतं. ते पलंगाखाली जातं. तिथून पायाला धरून ओढताना ‘काही नाही, काही नाही’ म्हणत राहायचं. नंतर आडवं झोपवावं, एकाने पाय धरावेत, एकाने हात, आणि तिसऱ्याने नाक दाबावं. नाक दाबल्याशिवाय तोंड उघडत नाही ही म्हण पैसे बुडवणाऱ्यांसाठी आहे. मुलाचं नाक दाबलं तर तोंड उघडतं हे खरं, पण ते श्वास ओढायला, आणि त्या श्वासाबरोबर औषध पोटाऐवजी श्वासनलिकेकडे निघतं. पुढचा अर्धा तास पाठीवर थापट्या आणि एकमेकांवर आरोप.

नर्सबाई एक फारच कंटाळवाणी पद्धत सांगतात. मुलाला मांडीवर ताठ बसवायचं, त्याचा एक हात आपल्या काखेतून पाठीमागे घ्यायचा, दुसरा आपल्या हातात. सिरिंजचं टोक घशाकडे न नेता गालाच्या आतल्या बाजूला, हिरडीशेजारी ठेवायचं. एका वेळी एक एमएल, मग थांबायचं, गिळू द्यायचं, पुन्हा एक. जिभेवर औषध पडलं की चव कळते आणि फुर्र होतं. गालातून गेलं की तितकं नाही. वर घोटभर पाणी. दोन मिनिटांत संपतं, एकच माणूस पुरतो, आणि बाकीच्या तिघांना करायला काही उरत नाही. त्यामुळे ही पद्धत घराघरांत रुजली नसावी.

दुधात मिसळणं हा त्याहून हुशारीचा मार्ग. 200 एमएल दुधाच्या बाटलीत 5 एमएल औषध मिसळा. मूल 60 एमएल पितं, तोंड फिरवतं आणि बाटली फेकतं. किती औषध पोटात गेलं? या गणितावर नवरा-बायकोचं एकमत होत नाही. एकमत होईपर्यंत मुलाने दुधावरच कायमची फुली मारलेली असते, आणि आता घरात दोन प्रश्न असतात. लोहाचे थेंब दुधातून दिले तर दूध लोह अंगी लागू देत नाही, आणि दातांवर सोडले तर दात काळपट दिसतात. ते डाग आहेत, किडलेले दात नाहीत, आणि शी काळी होणं हेही त्याच लोहामुळे. पण हे आधीच माहीत असलं तर रात्री अकराला डॉक्टरांना लंगोटाचा फोटो पाठवण्याची संधी हुकते.

औषध दिलं, आणि पाचव्या मिनिटाला सगळं बाहेर आलं, दुपारच्या वरणभातासकट. आता घरात दोन पक्ष पडतात : ‘लगेच पुन्हा दे’ आणि ‘थोडं तरी राहिलंच असेल’. औषध देऊन पाव तासही झालेला नसेल तर बहुतेकदा डोस पुन्हा द्यायला सांगतात; तास उलटून गेला असेल तर नको म्हणतात; मधल्या वेळेसाठी डॉक्टरांना फोन. फोन सोडून सगळे उपाय करून पाहावेत.

ताप असताना मुलाला कसं ठेवायचं, यावर परंपरेचा पगडा जबर आहे. अंग भट्टीसारखं तापलेलं असेल तर स्वेटर, कानटोपी, पायमोजे आणि वर गोधडी. खिडक्या बंद. पंखा बंद. कपाळावर कोलन वॉटरची पट्टी, म्हणजे वरून गार आणि खालून रजई अशी दुहेरी योजना. डॉक्टर म्हणतात सुती, सैल, एकच कपडा, हवा खेळती, पाणी भरपूर. त्यांच्या घरी आजी नसणार. तीन महिन्यांखालच्या बाळाचा ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला तर मात्र यातलं काहीही न करता सरळ दवाखाना गाठतात. इथे विनोद थांबतो.

जुलाबाचं प्रकरण वेगळंच. ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटरचं, लहान 200 एमएलचं. मोठ्या पाकिटातली चिमूटभर पूड पेल्यात टाकायची आणि उरलेलं पाकीट रबर लावून ठेवायचं, ही आपली रीत. त्यातलं ग्लुकोज, मीठ, पोटॅशियम आणि सायट्रेट यांचं प्रमाण आतड्याला पाणी ओढून घेता यावं म्हणून जुळवलेलं असतं, आणि चिमटीत ते प्रमाण येतंच असं नाही. म्हणून अख्खं पाकीट, मोजलेल्या पाण्यात, आणि 24 तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. तेही चमच्याचमच्याने पाजायचं, पेला तोंडाला लावला की उलटी ठरलेली. मुलाला हे खारट लागतं म्हणून खोक्यातलं गोड पेय आणावं. त्यातली जास्तीची साखर जुलाब वाढवते. त्यांच्या खोक्यांवर मिरवणारं ‘ओआरएस’ हे नाव अन्नसुरक्षा प्राधिकरणाने 2025 च्या ऑक्टोबरात काढायला लावलं. सोबत झिंक लिहून दिलेलं असतं, 14 दिवस. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली की झिंकची बाटली देवघरामागे जाते.

आणि एवढं सगळं करून झाल्यावर एकदा अंगणवाडीत जाऊन बघा. लसीकरणाच्या दिवशी तिथे ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस देतात : नवव्या महिन्यात 1 एमएल, पुढे पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी 2 एमएल, बाटलीसोबतच्या खुणेच्या चमच्याने. बाई म्हणतात, ‘आ कर.’ तुमचं पोर, ज्याच्यासाठी कालच चादर बदलावी लागली, ते आ करतं, गिळतं, आणि पुढच्याला जागा देतं. हे घरी कुणाला सांगू नये. विश्वास बसत नाही आणि वर ‘तुलाच जमत नाही’ हे ऐकावं लागतं.

साठवण. औषधाला ‘चॉकलेट आहे’ म्हणून पाजलं असेल, तर बरं झालेलं मूल ते चॉकलेट शोधत येतं. खोटं खोकूनही दाखवतं. त्यासाठी काही बाटल्यांना दाबून फिरवायचं झाकण असतं. ते उघडायला आजोबांना पाच मिनिटं लागतात, म्हणून घरात ते नुसतं वर टेकवून ठेवलेलं असतं. बाटली उंच फळीवर असली तरी हरकत नाही. खाली स्टूल असतंच, मघाशी पंखा बंद करायला बटणापर्यंत आजीचा हात पोचत नव्हता म्हणून आणलेलं. आणि आईच्या लोहाच्या लाल, साखरेचं पूट चढवलेल्या गोळ्या? त्या टेबलावर, बडीशेपेच्या डबीजवळ. चार-सहा गोळ्यांनीही लहान मुलाची प्रकृती गंभीर होऊ शकते, आणि दिसायला त्या बडीशेपेतल्या लाल गोळ्यांपेक्षा जराशाच मोठ्या. त्या आजच, आत्ता, कुलपात टाका. हे एक वाक्य उपरोधाने लिहिलेलं नाही.