घातांक ‘निम्मा’ करू नका

सांगलीतल्या क्लासवाल्यांच्या आणि डीटीपीवाल्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘घातांक आकाराने मूळ अंकाच्या बरोबर निम्मा हवा. घातावर घात आला की पुन्हा निम्मा. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. अंक निवडा, लहान करा, वर सरकवा.’ खणभागात बसून पंधरा वर्षं प्रश्नपत्रिका लावतोय, म्हणून बोलतो.

आधी ‘निम्मा’. टेक हे डोनाल्ड कनूथ या संगणकशास्त्रज्ञाचं गणित छापायचं सॉफ्टवेअर. त्यावर उभ्या असलेल्या लाटेकमध्ये मजकूर १० पॉइंटाचा असला की घातांक ७ चा आणि त्याच्यावरचा ५ चा. म्हणजे निम्मं होतं ते दुसऱ्या पायरीला. मजकूर १२ चा केला तर ८ आणि ६, म्हणजे प्रमाणही ठरलेलं नाही. वेबपानांवर गणित लिहायच्या मॅथएमएल या भाषेत एका पायरीचा गुणक ०.७१.

‘पुन्हा निम्मा’ हे मात्र खरंच घातक. १० चे ५, ५ चे अडीच. अडीच पॉइंटाचा अंक लेझर प्रिंटवर डोळे ताणून दिसेलही, पण त्याच्या झेरॉक्सच्या झेरॉक्सवर १ आणि ९ च्या गाठी भरून जातात. टेक म्हणूनच तिसऱ्या आकाराखाली उतरत नाही. पुढे कितीही घात चढवा, आकार तोच.

आता ‘लहान करा, वर सरकवा’. हा उद्योग मी केलेला आहे. २ च्या डोक्यावर ३ आणि त्या ३ च्या डोक्यावर २ हवा होता. वर्डच्या साध्या सुपरस्क्रिप्टला दुसरा मजलाच नाही, आणि घाईत वरचा २ वेगळा उचलायचा राहिला. गठ्ठा छापून गेला. उत्तर ५१२ यायचं, तर पोरं २ चा बत्तिसावा घात काढत बसली, चारशे कोटींच्या पुढचा आकडा. सर फोनवर काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

शिवाय अंक नुसता लहान केला की रेघही बारीक होते. खिळ्यांच्या छापखान्यात बारीक टाइप वेगळा कोरून ओतलेला असायचा. कनूथनी तेच केलं: त्यांच्या कॉम्प्युटर मॉडर्न या फाँटचा ५ पॉइंटाचा अंक १० च्या मानाने रुंद आणि जाड रेघेचा आहे.

‘निम्म्या’चं मूळ बहुधा वर्डच्या जुन्या इक्वेशन एडिटरमध्ये असावं. तिथे १२ वर ७ आणि ५ असायचे. नुसता मुख्य आकार १६ केला की घातांक ७ वरच राहायचा, निम्म्याहूनही कमी. मायक्रोसॉफ्टने तो एडिटर २०१८ च्या जानेवारीत काढून टाकला. सवय तेवढी राहिली. आता वर्डमध्ये ऑल्ट आणि बरोबरचं चिन्ह दाबा, घातावरचा घात नीट चढतो.

एक तक्रार मात्र खरी आहे: ओळीतल्या अपूर्णांकावरचा घात वाचत नाही. ओळीत लाटेक अंश-छेदच ७ चे करतो, मग त्यांचा घात ५ चा होतो. तिथे आकाराशी झटापट करू नका. समीकरण ओळीतून काढून स्वतंत्र ओळीवर घ्या.