हिमोफिलियाचा तो मेसेज पुढे ढकलण्याआधी एवढं वाचा

सिडकोतल्या आमच्या ग्रुपवर परत तोच मेसेज फिरतोय, की हिमोफिलियावाल्यांचं रक्त पाण्यासारखं पातळ असतं, नुसतं खरचटलं तरी जीव जातो, दोष आईचाच असतो आणि पालक, बीट, पपईच्या पानांचा रस घेतला की रक्त गोठायला लागतं. हिमोफिलिया म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार, त्यात रक्त गोठवणाऱ्या प्रथिनांपैकी, म्हणजे फॅक्टरपैकी, एखादा कमी असतो. माझ्या भाच्याला हिमोफिलिया ए आहे, सिव्हिअर, म्हणजे फॅक्टर ८ नॉर्मलच्या एक टक्क्याहूनही कमी, त्यामुळे मला गप्प बसवत नाही.

रक्त पातळ नसतं हो. जखम झाली की आधी प्लेटलेट्स धावून येतात, एकमेकींना चिकटून तात्पुरतं बूच बसवतात, इथपर्यंत त्याचं सगळं आपल्यासारखंच. पुढे फॅक्टर एकामागून एक कामाला लागतात, थ्रोम्बिन बनतं आणि त्याच्यामुळे फायब्रिनच्या धाग्यांची जाळी विणली जाते, तीच ते बूच धरून ठेवते. ८ नंबरचा फॅक्टर हा ९ नंबरच्या फॅक्टरचा जोडीदार, तो नसला की थ्रोम्बिन कमी पडतं आणि जाळी विरळ राहते. दिंडोरीकडची द्राक्षबाग डोळ्यासमोर आणा, खांब सगळे उभे पण तारा ओढल्याच नाहीत, तो मांडव वेलीचा भार कसा घेणार?

म्हणून खरचटल्याने जीव जात नाही, नीट दाबून धरलं की बहुतेक वेळा थांबतं. आणि रक्त जोरात वाहत नाही, जास्त वेळ वाहतं. भाच्याचा दुधाचा दात पडला तेव्हा तासाभरात थांबलं, आम्ही निवांत झालो आणि पहाटे बघतो तर उशीचा अभ्रा लाल, कारण बूच बसलं होतं पण टिकलं नाही.

खरा धोका आत असतो आणि मेसेजमध्ये त्याचा एक शब्द नाही. गुडघा, घोटा, कोपर यांच्या आत रक्त साचतं, बाहेर थेंबसुद्धा दिसत नाही, पोरगं नुसतं म्हणतं आत गरम गरम वाटतंय, आणि पुन्हा पुन्हा झालं की सांधा कायमचा खराब होतो. एकदा शेजारच्या काकूंनी मायेनेच कोमट तेल लावून त्याचा गुडघा चोळला, संध्याकाळपर्यंत तो नारळाएवढा झाला. चोळायचं नाही, शेकायचं नाही, पाय हलवायचा नाही, बर्फ कापडात गुंडाळून ठेवायचा आणि लवकरात लवकर फॅक्टरचं इंजेक्शन द्यायचं. डोक्याला मार लागला तर दिसत काही नसलं तरी थेट हॉस्पिटल. आणि दुखतंय म्हणून अ‍ॅस्पिरिन, ब्रुफेन अजिबात नको, त्याने प्लेटलेट्सचं कामही बिघडतं.

पपईचा रस लोक प्लेटलेट्ससाठी देतात, पण याच्या प्लेटलेट्स नॉर्मलच आहेत, रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघणाऱ्या दोन टेस्टपैकी पीटी पण नॉर्मल, फक्त एपीटीटी लांबलेला. पालकातलं व्हिटॅमिन के लागतं ते २, ७, ९, १० या फॅक्टरना, ८ ला नाही. हिमोफिलिया बी मध्ये ९ कमी असतो पण तिथेही बिघाड जीनमध्येच, भाजीने तो कसा दुरुस्त होणार? पालक खाऊ द्या की पोराला, फक्त फॅक्टरच्या जागी नको.

आईच्या दोषाचं वाचून तर माझ्या बहिणीने दोन दिवस फोन उचलला नाही. जीन एक्स क्रोमोसोमवर असतो आणि मुलाला एक्स आईकडूनच मिळतो, म्हणून तो बिघाड आईकडून मुलाकडे येऊ शकतो, हे खरं, पण साधारण एक तृतीयांश पेशंटच्या घरात आधी कोणालाच नसतो, जीनमधला बदल नव्यानेच झालेला असतो. आमच्याकडेही आधी कोणालाच नव्हता. आता तिच्या फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी फॅक्टरच्या बाटल्या असतात आणि रात्री लाईट गेली की ती आधी उठून त्या बघते.